फसवा फाटा, सरळच

४ जानेवारी

आज हिच्या कमरेचे फोटो घेऊन डॉक्टरांकडे गेलो. मणक्यातली गादी सरकली आहे म्हणाले. बरंच काही बोलले. पट्टा, व्यायाम, तीन महिने, कुठला रस्ता, किती वेळ. माझ्या कानात शिरलं ते एकच, मोटारसायकलवर मागे बसणं बंद.

तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ते इथे लिहून टाकतो, दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. हिला किती दुखत असेल, हे नाही आलं. आलं ते असं, की आता मला रस्ता कोण दाखवणार? शेजारच्या खुर्चीत बायको कमरेवर हात दाबून बसली आहे आणि मी माझ्या रस्त्याची चिंता करतोय. लाज वाटली. पण विचार काही गेला नाही.

वही कुलुपात राहते, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. मला रस्ते कळत नाहीत. थोडेफार नाही, अजिबातच कळत नाहीत. ऑफिसातून बाहेर पडल्यावर घर कुठल्या बाजूला हे मला समोरच्या चप्पल दुरुस्तीवाल्याच्या छत्रीवरून कळतं. तो आजारी होता त्या आठवड्यात मी दोनदा उलट्या दिशेला चालत सुटलो. आणि आमच्या पाच मोटारसायकलींच्या कंपूत सगळ्यांत पुढे कोण? मी. मला ‘होकायंत्र’ म्हणतात. मी कधी कोणाला रस्ता विचारत नाही, अशी माझी ख्याती आहे. मीच पसरवलेली.

करामत सगळी मागे बसलेलीची. डाव्या खांद्यावर तिची दोन बोटं टेकली की डावीकडे. उजव्यावर टेकली की उजवीकडे. पाठीवर मधोमध तळवा आला की सरळ. एकवीस वर्षं हेच चाललंय. सुरुवातीला ती तोंडाने सांगायची. ‘अहो, इथे वळा.’ एकदा एका चौकात शेजारचा स्कूटरवाला हसला. म्हणाला, ‘साहेब, तुमचं हँडल मागे बसवलंय वाटतं!’ घरी आल्या आल्या मी हिला सांगितलं, यापुढे तोंडाने नको, हाताने सांगत जा. ती ‘बरं’ म्हणाली. तेव्हापासून हाताने.

२२ फेब्रुवारीला कंपूची वर्षाची मोठी सफर आहे. घाट ओलांडून पलीकडच्या तलावापर्यंत. पुढे मीच.

७ जानेवारी

मास्तरांचा फोन. मास्तर कंपूत सगळ्यांत वडील, निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी आवाज वर्गातलाच. ‘वहिनी नाहीत म्हणे यंदा. मग कसं करायचं?’ मी म्हटलं, ‘कसं म्हणजे? ती नसली म्हणून रस्ता थोडाच हलतो?’ त्यावर ते, ‘बघ बाबा,’ म्हणाले.

‘बघ बाबा’ कशाला ते कळलं नाही. माझ्यावर भरवसा नाही की काय यांचा?

ठरवलंय. जीपीएसचं यंत्र घ्यायचं. मोबाइलवर नकाशा असतो हे मलाही माहीत आहे. पण घाटात रेंज जाते, उन्हात मोबाइल तापून बंद पडतो. आणि खरं कारण लिहायचं तर हँडलवर मोबाइल लावला की सगळ्यांना दिसतो.

१२ जानेवारी

दुकानात दोन तास काढले. दुकानदार म्हणजे गळ्यात चष्मा अडकवलेला, अतिशय सहनशील माणूस. त्याने काचेवर तीन यंत्रं ओळीने मांडली.

पहिलं मोठ्या पडद्याचं. छानच, पण बोटाने चालवायचं. मी खिशातून माझे हातमोजे काढले आणि घालून बोट दाबलं. ढिम्म. बाजूला ठेवलं. दुसरं सुबक, हलकं, पण पोटात जागा थोडी. आपल्या एका भागाचा नकाशा भरला की भरलं. वरून कार्ड घालायची सोय नाही. सफर तीन जिल्ह्यांतून. दर जिल्ह्याला थांबून नकाशे बदलत बसू की काय? तिसरं मात्र मनात भरलं. मुठीत मावेल एवढं, जाड, बटणांचं. मोजे घालूनही चालतं, पाण्यात पडलं तरी चालतं, साध्या सेलवर चालतं. सेलच्या खाली एक बारीक खाच, तिच्यात कार्ड. जेवढं मोठं कार्ड तेवढी मेमरी. नकाशे, आपण टाकलेल्या खुणा, आणि गेलो त्या रस्त्याचा माग, सगळं त्या कार्डावर राहतं. ‘माग’ हा शब्द दुकानदाराचाच. ‘साहेब, कुठून गेलात, कुठे थांबलात, कुठे वळलात, सगळा माग निघतो. खोटं बोलत नाही हे.’

मी त्याला सांगितलं, दिवसभर मी लोकांचे वजनकाटे तपासून त्यांच्यावर शिक्का मारतो, यंत्र खरं बोलतं की खोटं ते मला सांगू नका. तो हसला.

मग म्हणाला, ‘आवाजवालं हवं का? वळण आलं की बोलतं.’

‘नको. आवाज अजिबात नको.’

‘लोक तर मुद्दाम आवाजाचं मागतात.’

‘मी नाही मागत.’

टाकीवरच्या पिशवीला वर पारदर्शक खण असतो, त्यात कागदी नकाशाच्या घडीखाली ते बेताचं बसेल असा माझा हिशोब. खाली मान घातली की मला दिसेल, मागच्यांना नाही. माप घ्यायला पिशवी बरोबरच नेली होती. दुकानदार माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघत होता. सगळ्यांत मोठं कार्ड आणि तिसरं यंत्र घेऊन बाहेर पडलो, आणि दुकानासमोर उभा राहून घर कुठे हे दहा मिनिटं शोधत होतो. यंत्र खोक्यातून काढायचं सुचलं नाही.

१९ जानेवारी

यंत्र हिच्यापासून लपवून काय करणार? दाखवलं. पट्टा बांधून खुर्चीत ताठ बसली होती. हातात घेऊन उलटंसुलटं केलं. म्हणाली, ‘आणलीत का सवत?’

मी हसलो. तीही हसली. मग विचारलं, ‘ह्याला आठवतं किती?’

‘हवं तेवढं. मोठं कार्ड घातलं की वाढतं.’

‘बरंय बाई ह्याचं,’ म्हणाली आणि यंत्र माझ्या हातात परत दिलं. नंतर जेवणं होईपर्यंत काही बोलली नाही. कंबर दुखत असेल.

हिच्या आईला शेवटची दोन वर्षं काही आठवत नव्हतं. स्वतःच्या दारात उभं राहून ‘हे कोणाचं घर?’ विचारायच्या. त्यांचीच ही मुलगी, आणि एकदा गेलेला रस्ता दहा वर्षांनी वळणासकट सांगते. नवल आहे.

२ फेब्रुवारी

नकाशा आहे, पण नकाशावर वीस रस्ते दिसतात. त्यातला कोणता चांगला, कोणता खड्ड्यांचा, हे त्याला काय कळणार? तलावाला आम्ही आठ वर्षांपूर्वी गेलो होतो. मी हिला म्हटलं, ‘तुला आठवतंय तेवढं ह्यात भरून देशील का?’ पडलेला चेहरा एकदम उजळला. मला वाटलं नव्हतं एवढी खूश होईल.

दोन संध्याकाळी उशांना टेकून, चष्मा लावून यंत्र घेऊन बसली होती. बटणं मी चार दिवसांत शिकलो ती हिने अर्ध्या तासात. एक्केचाळीस खुणा भरल्या. नावं तिचीच. ‘पत्र्याचं गॅरेज, डावीकडे.’ ‘दोन पाण्याच्या टाक्या, उजवीकडे.’ ‘इथे कुत्री धावतात, हळू.’ अठ्ठाविसावी खूण वाचून मला हसू आलं. ‘फसवा फाटा, सरळच.’

‘हे काय?’

‘घाट उतरल्यावर डावीकडे एक रुंद रस्ता फुटतो. तोच मुख्य वाटतो. तो खाणीत जातो, खाली नुसती खडी आहे. तेव्हा तुम्ही तिकडे वळायला निघाला होतात, मी पाठीवर हात जोरात दाबला होता. आठवत नाही?’

मला कसं आठवणार? मला पाठीवर हात आला एवढंच कळतं.

९ फेब्रुवारी, रविवार

एकट्याने यंत्र तपासून आलो. ऐंशी किलोमीटर जाऊन परत. एकदाही चुकलो नाही! मान खाली, बाण दिसला, वळलो. लहान पोरासारखा शीळ घालत घरी आलो.

फक्त मागे फार मोकळं वाटत होतं. दोनदा थांबून, काही पडलं तर नाही ना, हे बघितलं.

२२ फेब्रुवारी

बेकरीवाल्याचा पाय मोडला. नडगीचं हाड, दोन ठिकाणी. सगळे परत आलो. उद्या लिहीन.

२४ फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहितो, जसं झालं तसं.

पहाटे निघालो. पुढे मी, माझ्या मागे बेकरीवाला, मग वायरमन आणि त्याचा मेहुणा, शेवटी मास्तर. बेकरीवाला नेहमीच माझ्या मागे असतो. माझी त्याची ओळख त्याच्या बेकरीतला काटा तपासताना झाली. दोन ग्रॅम जास्तच देत होता, गिऱ्हाइकाच्या बाजूने. असा माणूस.

यंत्र चोख चाललं होतं. पत्र्याचं गॅरेज आलं, टाक्या आल्या, कुत्रीसुद्धा धावली. थांब्यावर वायरमन म्हणाला, ‘मानलं बुवा होकायंत्राला, वहिनी नाहीत तरी!’ मी नाक वर करून म्हणालो, ‘रस्त्याचा वास येतो मला.’ हे वाक्य मी उच्चारलं. खरंच उच्चारलं.

घाट उतरलो. डावीकडे रुंद रस्ता दिसला. यंत्रावर बाण सरळ होता, खाली हिचे शब्द होते. फसवा फाटा, सरळच. मी वाचले. वाचले हे मी इथे कबूल करतो.

आणि त्याच वेळी माझ्या डाव्या खांद्यावर कोणीतरी हात टेकवला.

हात कसला? अंथरुणाची वळकटी. हिच्या जागेवर मी ती उभी बांधली होती, घाटाच्या वळणांत दोरी सैल झाली आणि ती कलंडून माझ्या खांद्याला टेकली. बस्स. डोळ्यांनी सरळ वाचलं होतं, पण खांद्याला लागलं आणि मी डावीकडे वळलो. विचार केलाच नाही. एकवीस वर्षांत मी त्या खांद्याशी कधी वाद घातलेला नाही.

उतार होता, खाली खडी. मी कसाबसा सावरलो. बेकरीवाला माझ्या भरवशावर वेगात आला आणि घसरला. गाडी त्याच्या पायावर पडली. त्याचं ओरडणं अजून कानात आहे.

त्याला उचलून झाडाखाली ठेवलं, वायरमनने अँब्युलन्सला फोन लावला, आणि मास्तरांनी मला विचारलं, ‘इकडे कसा वळलास रे?’

मी पिशवीचा खण उघडला. नकाशाची घडी बाजूला केली आणि जीपीएस बाहेर काढून दाखवला. म्हणालो, ‘ह्याने दाखवलं.’ दिवसभर शाबासकी घ्यायची होती तेव्हा झाकून ठेवलं होतं, आणि दोष द्यायची वेळ आली तेव्हा बाहेर काढलं.

इथेही थांबलो असतो तर चाललं असतं. वायरमन म्हणाला, ‘यंत्र कसं चुकेल? त्यात खुणा कोणी भरल्या?’

मी म्हणालो, ‘हिने. तिच्याकडून काहीतरी चुकलं असेल.’

२६ फेब्रुवारी

वायरमन ऑफिसात आला होता. म्हणाला, ‘ते कार्ड दे जरा, कॉम्प्युटरवर माग बघू. पुढच्या वेळी घोटाळा नको.’ साधा माणूस, मनात काही नाही त्याच्या. मी म्हणालो, ‘कार्ड खाणीतच कुठेतरी पडलं.’

कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात होतं.

तो गेल्यावर दार लावून घेतलं आणि प्रमाण वजनांची पेटी उघडली. आतल्या मखमलीत प्रत्येक वजनाला आपापला खड्डा आहे. दोन ग्रॅमचं वजन उचललं, खाली कार्ड सरकवलं, वजन वर ठेवलं. अख्ख्या शहरातल्या काट्यांचा खरेपणा या पेटीवरून ठरतो. मी शिक्के मारतो, लोकांना दंड करतो. दुपारी एका धान्यवाल्याचा काटा जप्त करायचा होता, नाही केला. तोंड उचलून त्याच्याशी बोलवेना.

१ मार्च

हिला कळलं. वायरमनच्या मेहुण्याच्या बायकोकडून. मी ऑफिसातून आलो तर ओट्याशी उभी.

‘अहो, फाट्यावर मी डावीकडे लिहिलं होतं का?’

मी बूट काढत राहिलो.

‘मला तर सरळच आठवतंय. मी तुम्हाला सांगितलंही होतं ना, खाणीचं? की सांगायचं मनात होतं आणि राहिलं? दाखवा बरं यंत्र.’

‘कार्ड हरवलं.’

‘म्हणजे मी काय लिहिलं ते आता कळणारच नाही?’

‘जाऊ दे ना. चूक कोणाकडूनही होते,’ असं मी म्हणालो. मी! तिला! जीभ झडली कशी नाही?

२ मार्च

हिचं काय चाललंय कळत नाही. स्वयंपाकघरात जागोजागी चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. ‘गॅस बंद केला.’ ‘किल्ली खुंटीवर.’ ‘दूध आणलं, शनिवार.’ इतकी वर्षं यादीशिवाय घर चालवलं हिने. चला, टापटीप आली म्हणायची. सकाळी बहिणीला फोन करून विचारत होती, ‘आईचं पहिलं काय विसरायला लागलं होतं गं?’ आईची आठवण येत असेल.

३ मार्च

ही आज रिक्षा करून बेकरीवाल्याकडे गेली होती. पट्टा बांधून, त्याचे दोन जिने चढून. माफी मागायला.

मला आधी बोलली नाही. आल्यावर सांगितलं. ‘मी त्यांना म्हटलं, भाऊजी, माझं डोकं आता पूर्वीसारखं राहिलं नाही. मी भरायलाच नको होतं. माझ्यामुळे तुमचा पाय गेला.’

‘काय म्हणाला तो?’

‘काहीच नाही. माझ्याकडे बघत बसले. मग म्हणाले, वहिनी, रडू नका.’

म्हणजे रडली होती. मी समोर बसून ताटातलं संपवलं. ती उठून गेली आणि मला ओट्यावरची चिठ्ठी दिसली. ‘गॅस बंद केला.’ तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आईचं पहिलं काय विसरायला लागलं होतं! माझी बायको तीन दिवस या भीतीत जगते आहे की तीही तिच्या आईच्या वाटेने निघाली. आणि ती भीती मी घातली. एका वाक्यात, भर रस्त्यात, माझं तोंड वाचवायला.

मला माझी किळस आली. साधी लाज नव्हे ही.

४ मार्च

सकाळी ऑफिसात गेलो, दोन ग्रॅमच्या वजनाखालून कार्ड काढलं आणि थेट बेकरीवाल्याच्या घरी. म्हणजे थेट नाही, वाटेत तीनदा चुकलो.

तो पलंगावर, पाय प्लास्टरात, उशांच्या ढिगावर. मास्तर वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. मी उभ्यानेच बोललो. बसलो असतो तर धीर गेला असता.

‘खुणा बरोबर होत्या. तिने सरळच लिहिलं होतं. मी वाचलं आणि तरी वळलो.’

बेकरीवाला म्हणाला, ‘वळकटी लागली ना खांद्याला?’

मी विचारलं, ‘तुला कसं कळलं?’

‘अरे, मी तुझ्या मागे असतो. एकवीस वर्षं तुझी पाठ बघतोय. वळकटी कलंडली ती बघितली, तू वळलास तो बघितला. मनात म्हटलंही, मेलो, हा वळणार! आणि तुझ्यामागे मीही सवयीने वळलो.’

‘म्हणजे तुला बोटांचं...’

मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ‘अरे, सगळ्यांना माहीत आहे. कंपूत नवा माणूस आला की आम्ही त्याला पहिलं हेच शिकवतो. पुढच्याच्या दिव्याकडे बघू नकोस, वहिनींच्या हाताकडे बघ, वळण आधी कळतं.’

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. एकवीस वर्षं मी पुढे छाती काढून चाललो होतो आणि मागे चार जण माझ्या बायकोचा हात बघत येत होते.

‘मग बोलला का नाहीत कधी?’

‘तुला बरं वाटत होतं,’ मास्तर म्हणाले. ‘आमचं काय जात होतं?’

‘परवापर्यंत नव्हतं जात,’ बेकरीवाला म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. ‘काल वहिनी ह्या खुर्चीत बसून माझी माफी मागून गेल्या. माझ्या ओठांवर आलं होतं सगळं. म्हटलं, नाही, हे त्याने सांगायला पाहिजे, तो येईल. आज आला नसतास ना, तर प्लास्टरसकट आलो असतो तुझ्या घरी.’

मी त्याच्या पायाला हात लावला. ‘पाय राहू दे,’ तो म्हणाला, ‘घरी जा आधी.’

४ मार्च, दुपार

घरी आलो. ही टेबलाशी भाजी निवडत होती. मी कार्ड तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. वळकटी, ‘हिने भरलं’, दोन ग्रॅमचं वजन, सगळं. काही वगळलं नाही.

तिने चष्मा शोधला, यंत्र आणलं, सेल काढून खाचेत कार्ड बसवलं. बटण दाबत दाबत अठ्ठाविसाव्या खुणेवर आली आणि मोठ्याने वाचलं. ‘फसवा फाटा, सरळच.’ परत एकदा वाचलं.

‘म्हणजे मला बरोबर आठवत होतं,’ म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. ‘माझं डोकं ठीक आहे.’

‘ठीक आहे गं. माझंच...’

‘तुम्ही गप्प बसा.’

उठली. ओट्यावरची चिठ्ठी काढली. मग खुंटीवरची. मग फ्रिजवरची. एकेक करून सगळ्या काढल्या, मुठीत चुरगाळल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मी मोजत होतो. चौदा होत्या. मला फक्त तीन दिसल्या होत्या.

११ मार्च

बोलत नाही. ‘ताट वाढलंय’ आणि ‘दाराला कडी घाला’, एवढंच. तिचं बरोबर आहे. मी काही मागत नाही.

एक केलं. कंपूच्या सगळ्यांना घरी बोलावलं आणि तिच्यादेखत सांगितलं की होकायंत्र मी कधीच नव्हतो. वायरमन म्हणाला, ‘आम्हाला माहीत आहे.’ मी म्हटलं, ‘माहीत असू दे, तरी मला सांगायचंय.’ ती आत चहा करत होती. भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे ऐकत होती.

१७ एप्रिल

डॉक्टरांकडे. या वेळी कागद आणि पेन घेऊन गेलो, प्रत्येक शब्द लिहून घेतला. शेवटी भीत भीत विचारलं, ‘मोटारसायकल कायमचीच बंद का?’

‘कायमची? मी तर जानेवारीतच सांगितलं होतं. तीन महिने बंद, मग चांगल्या रस्त्यावर अर्धा तास चालेल. लांबची सफर आणि खडबडीत रस्ता नको.’

मी हिच्याकडे बघितलं. ‘तुला माहीत होतं?’

‘मी शेजारीच बसले होते की.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही विचाराल म्हणून वाट बघत होते. तुम्ही यंत्र घेऊन आलात.’

डॉक्टर उगाचच कागद चाळू लागले.

२० एप्रिल, रविवार

हिच्या बहिणीकडे गेलो. शहरातल्या शहरात, वीस मिनिटांचा सपाट रस्ता. यंत्र घरी ठेवलं. वळकटीही नाही. ही मागे बसली, जपून, आधी एक पाय मग दुसरा. एकवीस वर्षांत मी या घरी शंभरदा तरी गेलो असेन.

पहिला चौक आला. खांद्यावर काही नाही. दुसरा आला. काही नाही. आरशात बघितलं, तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि दुकानांच्या पाट्या वाचत होती. मी अंदाजाने वळलो. मग परत अंदाजाने. पंधरा मिनिटांनी तोच पेट्रोल पंप दुसऱ्यांदा आला. तिचं पाट्या वाचणं चालूच.

तिठ्यावर थांबलो. शेजारी बसथांबा, दहा-बारा माणसं उभी. मी मान जराशी वळवून हळूच म्हणालो, ‘कुठे वळू?’

‘ऐकू नाही आलं,’ ती म्हणाली.

आलं होतं. मला माहीत आहे आलं होतं.

मी हेल्मेट काढलं. पूर्ण मागे वळलो आणि अख्ख्या बसथांब्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, ‘अगं, मला रस्ता कळत नाही. कुठे वळायचं ते सांग!’

थांब्यावर दोघं-तिघं हसले. एक बाई तर हातातल्या पिशव्या खाली ठेवून बघायला लागली. माझे कान तापले. पण मान मी फिरवली नाही.

‘उजवीकडे,’ तिने सांगितलं. तोंडाने. मोठ्याने. ‘मग पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे. आणि हेल्मेट घाला आधी.’

मी हेल्मेट घातलं आणि उजवीकडे वळलो.